घरची तिफण

रूपरावच्या घरची तिफण दोन वर्षं झाली शेजारचा श्रावण हाकत होता. रोहणा गावात यावर कोणी बोलत नसे. म्हणजे रूपरावच्या तोंडावर बोलत नसे. पाठीमागं बोलायला कोणाचे दात दुखतात? पेरणी घरच्या माणसांनीच करावी असा आमच्याकडचा रिवाज. नवरा बैल हाकतो, बायको तिफणीमागं चालत मुठीतलं बी चाड्यात सोडते, आणि तीन नळ्यांतून ते काळ्या मातीत उतरतं. नवरा मेला किंवा परागंदा झाला तरच दुसऱ्याचा हात लागायचा. आनंदाबाईचा नवरा, म्हणजे रूपराव, जिवंत होता. पेरणीच्या वेळी तो घरच्या ओट्यावर भिंतीला टेकून अर्धे डोळे मिटून बसलेला असायचा.

अफीम. दुसरं काय! तीन वर्षांपूर्वी मोट हाकताना रूपराव विहिरीच्या थारोळ्यावरून खाली पडला आणि कंबर गेली. रात्रंदिवस कण्हायचा. तेव्हा तानबानं, जो स्वतः पंधरा वर्षांपासूनचा अफीमची, त्याला ज्वारीच्या दाण्याएवढी गोळी दिली. गोळीनं दुखणं थांबलं. चार महिन्यांनी कंबर बरी झाली, अफीम तेवढी राहिली. आम्हीच त्याला तेव्हा म्हणालो होतो, घे रे बाबा, औषधच आहे. लहानपणी आम्हा सगळ्यांनाच आयांनी चाटवलेली होती, आणि आम्ही काय मेलो होतो का?

आनंदाबाई सेलूकडची, तोंडाची तिखट आणि कामाला वाघीण. तिनं घर सांभाळलं, सासू जिजाबाई सांभाळली, सहा वर्षांची जयवंता सांभाळली, आणि वावरही सांभाळलं. नवऱ्याची गोळी ती स्वतःच्या हातानं द्यायची. आधी ज्वारीएवढी, मग बाजरीएवढी, अशी ती हळूहळू दाणा बारीक करत आणत होती. करणं भागच होतं. सरकार दरसाल अफीम कमी करत चाललं होतं आणि नवरात्रापासून आर्वीच्या दुकानाला कायमचं कुलूप लागणार हे नक्की झालं होतं. पण रूपराव कसला ऐकतो! एकदा त्यानं तुरीच्या कोठीतून डबी शोधून काढली आणि साऱ्या आठवड्याची अफीम एका दिवसात खाल्ली. त्या दिवशी बैल उन्हात बांधलेले राहिले, त्यांना कोणी पाणी दाखवलं नाही. एकदा दाताचं निमित्त केलं, एकदा कंबरेचं. तेव्हापासून आनंदाबाई अफीम लुगड्याच्या कनवटीला बांधून ठेवायची, झोपतानासुद्धा.

आषाढात, आखाडीच्या सुमारास, एका सकाळी तिनं त्याला सरळच सांगितलं. चुलीपुढं बसली होती, भाकरी थापता थापता बोलली.

"दिवाळीनंतर गव्हाची पेरनी हाये. औंदा बी श्रावणभाऊनंच तिफन हाकली, तं वावर त्याहिलेच अर्ध्या बटईनं देऊन टाकीन. अन मी पोरीले घेऊन सेलूले जाईन. भाऊ नाई म्हननार नाई."

"अन माय?" रूपरावनं विचारलं.

"मायले बी नेईन. तुमाले नाई नेनार."

ती भांडताना आवाज चढवायची, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी चढवला नाही. म्हणून रूपराव घाबरला. पण घाबरून माणूस काय करतो? गोळी मागतो. त्यानंही मागितली.

त्याच पंधरवड्यात त्यांची गवळाऊ जातीची गाय व्याली. गोऱ्हा झाला, पांढराशुभ्र, कपाळावर राखी चांद, म्हणून नाव चांद्या. पण गाईची वार अडकली, अंगात ताप भरला आणि तिसऱ्या दिवशी ती मेली. आनंदाबाईचं निंदण चालू होतं, दिवस दिवस वावरात वाकून असायची. जिजाबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. जयवंता लहान.

"म्हशीचं दूध पानी घालून पाजाव लागते त्याले," आनंदाबाई नवऱ्याला म्हणाली. "बोट तोंडात देजा, मंग गंजातल्या दुधात बुडवजा, म्हंजे बोटाबरोबर दूध ओढन. तुमचेच हात रिकामे हायेत घरात. जगलं तं जगलं."

रूपराव कुरकुरत गुरांच्या कोठ्यात गेला. पहिल्या दिवशी निम्मं दूध सांडलं. गोऱ्ह्याला पिता येईना, ह्याला पाजता येईना. दोघंही दुधानं आणि लाळेनं माखले. दुसऱ्या दिवशी वासरानं बोट धरलं आणि असं जोरात ओढलं की रूपराव दचकला. त्याच्या खरखरीत जिभेची ओढ थेट खांद्यापर्यंत आली, असं तो नंतर सांगायचा. कोणाला तरी आपली अशी गरज पडावी, ही गोष्ट तो विसरूनच गेला होता.

वासराला दिवसातून चारदा पाजावं लागतं. खालची माती ओली झाली की सुकं तणस टाकावं लागतं. माशा बसतात, गोचीड लागतात. अफीमचीचा दिवस तसा फार सोपा असतो हो, गोळी खायची आणि पुढच्या गोळीची वाट बघायची. मधल्या वेळात आता हे लचांड आलं. हळूहळू असं झालं की सकाळी उठल्याबरोबर कनवटीकडं बघणारा माणूस आधी कोठ्यात जाऊ लागला. एकदा सूर्य चांगला वर आला तरी तो गोळी मागायला आला नाही. आनंदाबाई दारात वाट बघत थांबली. तिला वाटलं, पुन्हा कुठून तरी चोरून खाल्ली असेल. जाऊन बघते तर गडी वासराच्या कानातले गोचीड काढत बसलेला, नाक गळतंय, जांभयांवर जांभया येताहेत, आणि स्वतःशीच पुटपुटतोय, "हालू नको बे, झालंच, हालू नको."

तिनं गोळी पुढं केली. त्यानं घेतली, खाल्लीही. पण त्या दिवसापासून तिनं गोळी तिळाएवढी केली.

तानबा रोज ओट्यावर यायचा, जोडीदाराशेजारी बसून डुलायला. जोडीदार दिसेना, तेव्हा तो कोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"काऊन गा रूपराव, येत नाई?"

"याले पाजाचं हाये."

तानबा मान हलवून म्हणाला, "वासराच्या नादी लागला बाप्पा तू. हे लय वाईट असते. सुटत नाई."

गावानं ही गोष्ट आठवडाभर हसून हसून सांगितली. तानबा मात्र हसवण्यासाठी बोलला नव्हता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेशेकणी असते. वर्षभर जू ओढून बैलांचे खांदे सुजलेले असतात. ते हळद आणि लोणी लावून शेकायचे आणि बैलांना म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. जो माणूस बैलांना राबवतो त्यानंच हे करायचं. रूपराव हातावर लोणी घेऊन थोरल्या बैलाजवळ गेला. बैलानं मान झटकली. पुन्हा हात लावला तर शिंग उगारलं. दोन वर्षांत त्याचा हात बैल विसरले होते. तेवढ्यात श्रावण आला, तसा साधा, मनात काही नसलेला माणूस. बैलानं त्याच्याकडं बघून हंबरून गळा पुढं केला.

"द्या इकडं, भाऊ," श्रावण म्हणाला. रूपरावनं लोण्याची वाटी त्याच्या हातात दिली आणि तो बाजूला झाला. त्याला रडायला येत होतं. रडला नाही, पण आम्हाला दिसलं. दुसऱ्या दिवशी पोळ्यात त्याचे बैल तोरणाखाली श्रावणनंच उभे केले.

आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तो पोरांचा. पोरं लाकडाचे बैल सजवून दोरीनं ओढत मारुतीच्या पारापुढं रांगेत उभी करतात आणि त्यांना खाऊ मिळतो. जयवंताला लाकडी बैल पाहिजे होता. घरात नव्हता.

"लाकडाचा कायले पायजे? आपल्याकडं खरा हाये," रूपराव म्हणाला. त्यानं चांद्याच्या कपाळाला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि पोरीचा हात एका हातात, वासराची दोरी दुसऱ्या हातात घेऊन निघाला.

आता तान्ह्या पोळ्यात जिवंत वासरू कोणी आणतं का? लाकडी बैलांच्या रांगेत चांद्या उभा राहिला, आणि आधी त्यानं शेजारच्या पोराच्या बैलाची कागदी झूल खाल्ली, मग शेण टाकलं. पोरं किंचाळली, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. "अफीमच्यानं पोराहिच्या पोळ्यात बैल आनला बे! मोठ्याहिच्या पोळ्यात जमलं नाई न!" असं कोणीतरी ओरडलं. रूपरावच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. तो मागं फिरणार होता. पण जयवंता दोरी सोडेना. तिला वाटत होतं की साऱ्या गावात तिचाच बैल भारी. तो उभा राहिला शेवटपर्यंत. आमच्यापैकी काहींना त्या दिवशी हसल्याची नंतर लाज वाटली. काहींना नाही वाटली, गाव आहे.

नवरात्रात चांद्याला ढाळ लागले.

सकाळी पाण्यासारखं पातळ, संध्याकाळी त्यात रक्त. दुसऱ्या दिवशी तो उभा राहीना. डोळे आत गेले, नाक कोरडं पडलं. जिजाबाईनं त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि म्हणाली, "याले अफीम पायजे. पेजेत कालवून दे. त्याबिगर नाई थांबत हे."

रूपराव वावराच्या वाटेवर धावत गेला. धावणं म्हणजे काय, कंबर धरून फेंगडं पळणं. आनंदाबाई कापूस वेचायला निघाली होती.

"कनवटीची अफीम दे."

"सकाळी देली न तुमाले."

"मले नाई. चांद्याले पायजे. मायनं सांगतलं."

ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "दाताच्या नावानं मांगून झाली, कमरीच्या नावानं झाली. आता मुक्या जनावराच्या नावानं?"

"खरं हाये वं. मरून राह्यला तो."

"अन मी काय करून राह्यली? तीन साल?" तिचा आवाज आता फाटला. तिनं कनवट सोडली. कागदात गुंडाळलेला काळा चिकट तुकडा होता, हरभऱ्याएवढा, शेवटचा. दुकान त्याच आठवड्यात बंद झालं होतं आणि तिनं तो दिवाळीपर्यंत पुरवायचा ठरवला होता. "हे घ्या. सारी घ्या. वासरू तुमचं हाये, जीव बी तुमचा हाये. कोनाच्या पोटात घालाची ते तुमीच पाहा. मी आता राखनार नाई. थकली मी."

तिनं तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि मागं न बघता वावरात गेली. दिवसभर तिनं कापूस वेचला. बोंडांच्या टोकांनी बोटं फाटली तरी तिला कळलं नाही. खाल्ली असेल आतापर्यंत, असं ती मनाशी म्हणायची. मग म्हणायची, खाऊ दे मेल्याला, एकदाचं सुटू दे. मग स्वतःलाच शिव्या द्यायची की आपण असं बोललोच कसं. शेजारच्या ओळीत वेचणाऱ्या बायका गाणं म्हणत होत्या, तिला ते गाणं ऐकवेना.

दिवस कलता ती घरी आली. कोठ्याच्या दारात अफीमेचा कागद पडला होता, रिकामा. आत रूपराव तणसावर पडलेला.

"खाल्ली," ती म्हणाली. "सारी खाल्ली. अवो, लाज नाई वाटली? मुक्या जीवाच्या तोंडातली खाल्ली!" आणि ती रडत त्याच्यावर धावून गेली. खांद्याला धरून गदगदा हलवलं.

त्याचे दात वाजत होते. तिनं त्याचं तोंड उजेडाकडं फिरवलं. नाकातून पाण्याची धार लागलेली, डोळे वाहताहेत, अंगावर काटा, सदरा घामानं चिंब आणि हातपाय बर्फासारखे गार. कोपऱ्यात तो ओकलेला होता.

आनंदाबाई तीन वर्षं हे शरीर बघत आली होती. अफीम पोटात असली की या माणसाचं नाक कोरडं असतं, अंग ऊबदार असतं आणि तो डुलतो. हे अंग अफीम न मिळालेल्या माणसाचं होतं.

तिनं वासराकडं पाहिलं. चांद्या पाय दुमडून बसला होता, मान उचललेली. खालचं तणस कोरडं होतं. त्यानं तिच्याकडं बघून कान हलवला.

"आज अर्धी पाजली," रूपराव दात आवळून म्हणाला. "अर्धी मायजवळ ठेवली, उद्यासाठी. माह्याजवळ ठेवली नाई."

बाहेरून जिजाबाई बोलली, "मले दिसत नाई माय, पन पाजतानी रडून राह्यलता थो."

"बोटाले लागली होती वं," रूपराव पुढं म्हणाला. "थो बोटावरूनच पेते न. पेऊन झाल्यावर बोटाले उरली होती, कडू वास येऊन राह्यलता. चाटली असती मी. चाटनारच होतो. मंग शेनात हात घातला."

आनंदाबाईनं त्याचा उजवा हात हातात घेतला. मनगटापर्यंत शेण वाळलं होतं. आपण त्याला चोर म्हणालो, याचं तिला फार वाईट वाटलं. पण तिला तसं सांगता येत नसे. तिनं पाणी गरम केलं आणि तो हात धुतला.

पुढचे दिवस कसे गेले ते ऐकायचं असेल तर ऐका, पण त्यात शूरपणा फारसा नव्हता. दुसऱ्याच दिवशी त्यानं आईच्या पायांवर डोकं ठेवून उरलेली अर्धी मागितली. तिनं ती आधीच सुनेकडून वासराला पाजून टाकली होती, पेज नाकात गेली, अर्धी अंगावर सांडली, पण पाजली. मग त्यानं दोघींना शिव्या घातल्या. हाडं मोडताहेत म्हणून लोळला. त्यालाही ढाळ लागले. एका कोठ्यात दोन आजारी, एकाला पेज आणि दुसऱ्यालाही पेज. तानबा एकदा दारात आला, आत बघून परत गेला. दसऱ्याच्या सोन्याला रूपराव बाहेर पडला नाही. त्यानंतर कधीतरी सकाळी चांद्या उठला, लडबडत त्याच्याजवळ आला आणि त्याची बोटं शोधू लागला. रूपरावला उठावं लागलं. दूध कोणी गरम करायचं?

दिवाळी झाली. पाऊस सरला होता, जमिनीत ओल होती, गव्हाला वाफसा चांगला आला. पेरणीच्या सकाळी श्रावण नेहमीसारखा तुतारी, ती बैल हाकायची काठी, घेऊन अंगणात आला.

"चला वयनी, जुपू का बैल?"

आनंदाबाईनं बियाण्याची टोपली कडेवर घेतली होती. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं. तो अजून हडकलेलाच होता, गालफडं बसलेली.

"श्रावणभाऊ," ती म्हणाली, "तुमचे उपकार हायेत आमच्यावर. आज जेवाले या. तिफन घरचा मानूस हाकते औंदा."

श्रावणनं तुतारी रूपरावच्या हातात दिली. "थोरला डावीकडं ओढते, भाऊ. ध्यान ठेवजो," एवढंच म्हणाला.

वावर छोट्या गाडीच्या रुळांना लागून. पुलगावहून आर्वीला जाणारी गाडी दमगीर म्हातारीसारखी चालते, त्यामुळं डब्यातले लोक दोन्हीकडची वावरं निवांत बघत जातात. रूपरावनं पेरणीचं पहिलं तास धरलं. थोरला डावीकडं ओढत होता, रूपराव उजवीकडं दाबत होता, कंबर बोलत होती. धुऱ्यापर्यंत, म्हणजे पलीकडच्या बांधापर्यंत, गेल्यावर त्यानं मागं वळून पाहिलं. तास विहिरीच्या बाजूला वाकडंतिकडं गेलं होतं. दुसरं त्याच्याहून वाकडं.

त्यानं बैल थांबवले. कपाळावरचा घाम पुसला. एवढ्या मेहनतीनंतर एक गोळी मिळाली असती तर! तो विचार आला, खोटं कशाला सांगू, आणि चांगला वेळ थांबला.

"माह्यानं नाई होत," तो म्हणाला. "बोलाव श्रावणले. सारं गाव हासन. उगोलं म्हंजे झाकता बी येनार नाई."

आनंदाबाई चाड्याजवळ उभी होती. तिची मूठ भरलेली होती.

"बी हातात घेतलं हाये मी," ती म्हणाली. "हे टोपलीत परत टाकत नसते. हाका बैल."

त्यानं बैल हाकले.

आठ-दहा दिवसांत गहू उगवला. सगळ्या रोहण्यात सरळ तासं, आणि रूपरावच्या वावरात आधीची पाच-सहा अशी की पाहणाऱ्याला हसू यावं. पुढची बरी होती, शेवटची तर चांगलीच. पण रुळाकडून दिसायची ती आधीचीच. एका सकाळी आनंदाबाई धुऱ्यावर गवत कापत असताना छोटी गाडी आली. डब्यातून नाचणगावकडच्या एका बाईनं डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यानं विचारलं, "बापा! कोनं पेरलं वं हे असं?"

आनंदाबाई उभी राहिली. विळा खाली ठेवला. गाडीच्या आवाजावर जाईल इतक्या मोठ्यानं, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असं ती ओरडली,

"माह्या घरच्यानं!"